कोणी खाल्लं?

नानांनी पत्रा टेबलावर आपटला आणि ते दुकानाच्या मागच्या खोलीत निघून गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पत्र्यावर दोनच शब्द होते.

कोणी खाल्लं?

खडूने लिहिलेले होते, पण त्याला लिहिणं म्हणणं हा नानांचा अपमान झाला असता. पन्नास वर्षं पाट्या रंगवलेला तो हात. घशाची शस्त्रक्रिया होऊन आज सहावा दिवस होता आणि अजून चार दिवस तोंडातून हूं का चूं काढायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. त्यामुळे जे बोलायचं ते काळ्या रंगवलेल्या पत्र्यावर खडूने. पण गबाळं अक्षर काढणं नानांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. 'पाणी' मागायला पाच मिनिटं लागत आणि पाणी येईपर्यंत तहान गेलेली असे. आज तर त्यांनी वीस मिनिटं खाली मान घालून काम केलं होतं. प्रत्येक अक्षराला उजव्या अंगाने सावली दिली होती. प्रश्नचिन्हाखालच्या टिंबालाही दिली होती.

ती वीस मिनिटं बाकीचे पाच जण श्वास रोखून उभे होते, कारण त्यांना वाटलं होतं की नाना रेघ आखताहेत.

सगळे जमले होते ते त्या रेघेसाठीच. सोमवारी गवंडी येणार होता आणि दुकानाच्या मधोमध भिंत उठणार होती. अलीकडे थोरला मुलगा, त्याचे ब्रश आणि रंगाचे डबे. पलीकडे धाकटा आणि त्याचं अक्षरं कापणारं मशीन, ज्यावरून तीन महिन्यांपूर्वी सगळं बिनसलं होतं. भिंत कुठून जाणार ती रेघ नानांनी आखावी, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेसुद्धा आत्यामार्फत. तीन महिने दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नव्हते. हाताच्या अंतरावर उभा असलेला थोरला म्हणायचा, "आत्या, त्याला सांग, माझी फूटपट्टी दे." मग नानांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, मान वळवून म्हणायची, "फूटपट्टी दे." मग फूटपट्टी यायची.

आज सकाळी नाना एकटेच, कुणाला बरोबर न घेता, चार गल्ल्या पलीकडच्या हॉस्पिटलात घसा दाखवायला गेले होते. परत आले ते लालबुंद होऊन. रेघ राहिली बाजूला आणि हे दोन शब्द पडले टेबलावर.

थोरली सून पत्र्याकडे पाहत राहिली. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. तोंड उघडायला घाबरणारी माणसं तिने रोज पाहिली होती. आज पहिल्यांदाच ती त्यांच्यातली एक झाली. डॉक्टरांनी नानांना गार, मऊ खायला सांगितलं होतं. त्यासाठी आणलेला आईस्क्रीमचा मोठा डबा फ्रीजमध्ये होता. म्हणजे बुधवारपर्यंत होता.

तिने जावेकडे पाहिलं. धाकटी छताकडे पाहत होती. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"आईस्क्रीम," थोरली एकदम म्हणाली. "मी खाल्लं. अख्खा डबा. त्यांनी दोन चमचे घेऊन ठेवलेला."

"अख्खा कुठे," धाकटी वरच पाहत म्हणाली. "अर्धा."

थोरला वळला. "अर्धा? तुला काय माहीत?"

"उरलेला अर्धा मी खाल्ला, म्हणून माहीत." धाकटी बसवर कंडक्टर होती, एकदा बोलायला लागली की शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. "रोज दुपारी तीन ते साडेतीन. माझी ड्यूटी संपते आणि ताई दवाखान्यातून येते. तुम्ही दोघं खाली एकमेकांशी न बोलण्यात गुंतलेले असता, तेव्हा आम्ही वर ओट्याशी उभ्या राहून खातो."

धाकट्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तू? वहिनीबरोबर? अगं, आपलं त्यांच्याशी बोलणं बंद आहे!"

"तुमचं बंद आहे. मला कुणी नोटीस दिली नव्हती."

"आत्या," धाकटा म्हणाला, "दादाला सांग, त्याच्या बायकोने माझ्या बायकोला फितवलंय."

"आत्या, त्याला सांग, फितवायला डबा माझ्या फ्रीजमधला होता."

"सांगितलं, सांगितलं," आत्या नेहमीच्या सुरात म्हणाली. पण तिचं लक्ष नव्हतं. ती पत्र्यावर वाकली होती, चष्मा कपाळावर आणि नाक खडूला टेकायच्या बेतात. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेली बाई ती. वाण्याने दिलेली पुडी सोडली तरी आधी कागदावरच्या चुका काढायची, मग जिनसा.

"आईस्क्रीम नाही," तिने निकाल दिला. "सावली बघा. आईस्क्रीमसाठी तो सावली देणार नाही. सहा दिवसांत सावली एकदाच दिलीय, इंजेक्शन नको म्हणताना. हे काहीतरी गंभीर खाल्लंय."

"गंभीर काय खातात?" थोरलीने विचारलं. डब्याचं प्रकरण मिटल्यामुळे तिला आता उत्साह आला होता.

आत्या सरळ उभी राहिली. आपल्याला कुणीतरी कधीतरी हे विचारेल म्हणून ती चौतीस वर्षं थांबली होती, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"एका शब्दकोशातल्या 'ख'ची मुद्रितं मी तीनदा वाचली आहेत. 'खाणे' या एका क्रियापदाला चार रकाने लागले होते. जेवणाला अर्धा पुरला नाही, आणि बाकीच्या साडेतीनात काय काय होतं! माणूस मार खातो, बोलणी खातो, हवा खातो, लाच खातो. समोरच्याचं डोकं खातो. लोखंडाला गंज खातो, लाकडाला वाळवी. होडी हेलकावे खाते. दोन माणसांचा मेळ खात नाही." इथे तिने दोन्ही भाच्यांकडे एकेकदा पाहिलं. "आपल्या भाषेत दिवसभर उपाशी असलेला माणूससुद्धा काही ना काही खातच असतो."

थोरल्याला घाम फुटला होता. आत्या बोलत होती आणि त्याला तिचं बोलणं दुरून आल्यासारखं वाटत होतं. त्याच्या डोळ्यांसमोर पाण्याची टाकी होती. पाच मजली इमारतीवरची ती गोल टाकी, आणि तिच्यावर लिहायची माणसाएवढी अक्षरं. दोन महिन्यांपूर्वी ते काम त्याने घेतलं. शिडीला हात लावला, तीन पायऱ्या चढला, आणि गुडघ्यांनी पुढे जायला साफ नकार दिला. शेवटी दुसऱ्या एका पेंटरला वर पाठवून तो खाली रंग कालवत बसला. तेव्हापासून नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर नेऊन टाकी दाखवत, 'बघा माझ्या थोरल्याचा हात.' आणि तो मान खाली घालून भाव खात असे.

कुणीतरी सांगितलं असणार. हॉस्पिटलात भेटलं असणार कुणीतरी.

"मी," तो म्हणाला. आवाज फाटला. "मीच. टाकी मी रंगवली नाही. मी कच खाल्ली. तीन पायऱ्यांवरून उतरलो. वर दुसरा माणूस चढला होता."

 त्याच्या बायकोने हळूच त्याच्या दंडाला हात लावला. तिलाही हे माहीत नव्हतं.

आत्याने पत्र्यावर बोट ठेवलं. "काय लिहिलंय? 'खाल्लं'. नपुंसकलिंग, एकवचन. कच स्त्रीलिंगी. कच 'खाल्ली' असती. तू नव्हेस. बस खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे तू उगाच बोललास."

थोरला स्टुलावर बसला. धाकट्याला हसू फुटलं होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. दोन महिने त्या टाकीने त्याचा जीव खाल्ला होता. जेवताना टाकी, चहाला टाकी. पण हसता हसता ते तिथेच विरलं. त्याला आठवत होता तो दादा एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने एका दमात आडवी रेघ ओढणारा होता. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत त्याने तो पाहिला होता.

"आत्या," तो म्हणाला, "दादाला विचार, हे कधीपासून?"

"कधीपासून?" आत्याने विचारलं.

"त्याला सांग, गेल्या वर्षी शिडी सरकली होती ना माझी, तेव्हापासून. खुर्चीवर चढून बल्ब बदलायचा तरी पाय थरथरतात."

"सांगितलं. आता नपुंसकलिंगी काही खाल्लेले पुढे या."

 बायका एकमेकींकडे पाहून मनातल्या मनात काल-परवाचे पदार्थ तपासू लागल्या.

धाकट्याने घसा खाकरला. "शेण," तो म्हणाला.

"ते शेण," आत्या म्हणाली. "नपुंसकलिंगी. जुळतंय. बोल."

"चौकातल्या बेकरीचा बोर्ड. नानांनी माझ्या जन्माआधी रंगवलेला. बेकरीवाला म्हणाला, रंग उडालाय, मशीनवर नवा कर. मी केला. जुना उतरवून नवा लावला, आणि इथे कुणाला बोललो नाही." तो खाली पाहू लागला. "तीन आठवडे झाले."

"आणि जुना? टाकून दिलास?" हे थोरल्याने विचारलं, आत्याला मध्ये न घालता. पण त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्याच्याही नाही.

"टाकवेना," धाकटी नवऱ्याच्या वतीने म्हणाली. "आमच्या पलंगाखाली आहे. तीन आठवडे मी पाव या शब्दावर झोपतेय."

मग काही शंकाच उरली नाही. लिंग जुळत होतं, वचन जुळत होतं, सावली जुळत होती. धाकटा वर जाऊन बोर्ड घेऊन आला. पाचही जण मागच्या खोलीच्या दाराशी ओळीने उभे राहिले. सगळ्यात पुढे बोर्ड, त्याच्यामागे धाकटा. थोरला आपण निर्दोष असूनही दुसऱ्या नंबरला उभा राहिला.

नानांनी कडी काढली. बोर्ड पाहिला. त्यांनी तळहात फिरवला त्याच्यावरून, 'पा'च्या कान्यावर किंचित थांबले, मग 'हे नव्हे' अशी मान हलवली आणि बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. दोन बोटं चालवून त्यांनी चौकाच्या दिशेने दाखवलं, मग काखेत काहीतरी धरून परत आल्याची खूण केली.

"अरे देवा," थोरली म्हणाली. "रोज सकाळी पाव तेच आणतात."

तीन आठवडे नाना रोज त्या नव्या बोर्डाखाली उभे राहून पाव घेत होते. बोलता येत होतं तेव्हाही एका अक्षराने बोलले नव्हते. धाकट्याला वाटलं, यापेक्षा त्यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं.

नाना मात्र आता भलतेच उतावीळ झाले होते. त्यांनी धाकट्याला बाजूला सारलं, टेबलाशी येऊन पत्रा पुसला आणि आयुष्यात कधी नव्हे ते घाईघाईने, वाकडंतिकडं, सावली न देता लिहिलं:

शांतता राखा

पाचही जण मूग गिळून बसले. धाकटीने तोंडावर हात ठेवला. थोरल्याने पाय न वाजवता स्टूल ओढलं.

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी पत्र्यावर बोट आपटलं. सगळे आणखी शांत झाले. शेवटी त्यांनी अंगठा ओला केला आणि एक अक्षर पुसून टाकलं.

शांतता खा

कुणाला काही कळेना. नानांनी हॉस्पिटलच्या दिशेने हात केला. मग वर, उंच, छताजवळ काहीतरी टांगलेलं असल्याचं दाखवलं. मग आपल्या छातीवर बोट ठेवलं, दोन्ही मुलांकडे एकेक बोट केलं.

थोरल्याला सगळ्यात आधी समजलं, कारण हॉस्पिटलच्या कामाचा मजकूर त्याने लिहून दिला होता. "आपले बोर्ड," तो म्हणाला. "मंगळवारी लावले ते. दालनातला मोठा. 'कृपया शांतता राखा.'" तो थांबला. "त्याच्यात 'रा' नाहीये?"

नानांनी दोन्ही हात वर करून कपाळाला लावले. दिवसभर बोलता न येणारा माणूस, शस्त्रक्रियेनंतर तपासून घ्यायला म्हणून बाकावर बसतो, वर पाहतो तर 'कृपया शांतता खा', आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नाना पेंटर आणि मुलगे'. आणि ओरडायचीही सोय नाही.

"अक्षर," आत्या पुटपुटली. "अक्षर खाल्लं. नपुंसकलिंगी."

"मी कागदावर बरोबर लिहिलं होतं," थोरला म्हणाला.

"मशीन स्वतःहून काही खात नाही," धाकटा म्हणाला. "आत्या, त्याला सांग, मी आधी नमुना काढून तपासायला दिला होता. पास झाल्यावरच अक्षरं कापली. तो नमुना तिथे खिळ्याला असेल."

धाकटी खिळ्याजवळ होती. तिने कागद चाळले, एक ओढून काढला आणि वाचला. मग तिने तो नवऱ्याला दिला नाही, दिराला दिला नाही. गपचूप आत्याच्या हातात ठेवला.

वर छापलं होतं: कृपया शांतता खा. खाली लाल शाईत, टपोऱ्या वळणदार अक्षरात: बरोबर. आणि त्याखाली आत्याची सही.

आत्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. चौतीस वर्षांत तिच्या हातून वेलांटी सुटली नव्हती. निदान ती तसं सांगायची आणि कुणी खोटं ठरवलं नव्हतं. ती हळूच स्टुलावर बसली आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

"मी 'राखा'च वाचलं रे," ती म्हणाली. "असायला हवं ते वाचलं, होतं ते वाचलं नाही. नवशिकी पोर करते ती चूक."

"जाऊ दे आत्या," थोरला म्हणाला.

"जाऊ दे काय! तो कागद हातात होता तेव्हा एका कानात हा, एका कानात तू. त्याला सांग पंखा बंद कर. त्याला सांग पंखा राहू दे. तीन महिने तुम्ही दोघांनी माझं डोकं खाल्लं, आणि मी त्या भरात अक्षर खाल्लं. आणि शिव्या? एकमेकांना पाठवलेल्या शिव्या कधी पोचल्या का तुम्हाला? एक तरी? सगळ्या मी मधल्यामध्ये खाल्ल्या. बोर्ड लिहिला की एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकायचा, हा नियम या दुकानाचा. कुणी वाचलं? कुणी ऐकलं?"

 नानांनी खिशातून रुमाल काढून बहिणीला दिला. मग त्यांनी सगळ्यांना दाराकडे हाकललं, कोंबड्या हाकलतात तसं, आणि शिडीकडे बोट दाखवलं.

हॉस्पिटलच्या दालनात तीसेक माणसं बाकांवर बसली होती. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी शिडी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"काढताय की काय बोर्ड? अहो, राहू द्या ना. मंगळवारपासून दिवस मजेत जातात आमचे. लोक विचारतात, जेवणाआधी खायची की जेवणानंतर? एका आजोबांनी विचारलं, दिवसातून किती वेळा?" मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "पण चार वाजता मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन येणार आहेत. त्यांनी अजून मान वर करून पाहिलेलं नाही. तेव्हा उरकाच."

साडेतीन वाजले होते. बोर्ड दोन पुरुष उंचीवर, दाराच्या वर. 'शांतता' आणि 'खा' यांच्या मध्ये जेमतेम चार बोटं जागा होती.

"अर्ध्या तासात नवं कापून, सगळं सरकवून होणार नाही," धाकटा म्हणाला. "ब्रशनेच घालावं लागेल."

नानांनी ब्रश काढला आणि शिडीवर पाय ठेवला. दोन्ही सुनांनी त्यांना दोन बाजूंनी धरून खाली घेतलं.

"मी चढतो," धाकटा म्हणाला.

नानांनी इतक्या जोरात मान हलवली की टोपी पडली. धाकट्याच्या हातचा 'र' म्हणजे वाकलेला खिळा. ते सगळ्या घराला माहीत होतं. राहता राहिला थोरला. त्याने शिडीकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि त्याचे ओठ पांढरे पडले.

धाकट्याने शिडीचे दोन्ही पाय आपल्या पावलांनी दाबून धरले. "दादा," तो म्हणाला. "शिडी मी धरलीय. खाली बघू नको, बाजूला बघू नको. मी वाचतो, तू ऐक. एक अक्षर, एक पायरी."

"पडलो तर?"

"माझ्यावर पडशील. चल. कृ."

थोरला एक पायरी चढला.

"प."

दुसरी.

"श्श!" कुणीतरी बाकावरून म्हणालं. "वर काय लिहिलंय दिसत नाही का?"

"ते चुकीचं लिहिलंय, तेच दुरुस्त करतोय!" धाकटी गरजली आणि सगळं दालन चिडीचूप झालं. "या!" ती नवऱ्याऐवजी पुढचं अक्षर ओरडली.

तिसरी पायरी. टाकीच्या वेळी तो इथूनच उतरला होता. शिडी किरकिरली. थोरल्याचा उजवा गुडघा लटलट कापायला लागला. शिडी त्याच्याबरोबर कापू लागली, आणि खाली धाकटाही.

"दादा, ते आईस्क्रीम अर्धं अर्धं नव्हतं," धाकट्याने वर पाहत सांगितलं. "ही येताना वाटेत मला सांगत होती. वहिनीने जास्त खाल्लं."

"खोटं!" थोरली म्हणाली.

वरून फुस्स असा आवाज आला. थोरला हसला होता. गुडघा जरा थांबला.

"शां," धाकटा म्हणाला. "त. ता. बस. इथेच खाल्लंय."

थोरल्याने ब्रश मागितला. खाली नाना दोन्ही हात हवेत धरून उभे होते, बोटांनी जागा दाखवत: जरा डावीकडे, जरा बारीक. धाकटी म्हणाली, "सरकून घ्या, एकाची जागा करा." पहिली रेघ लागली. तिच्यात कापरं नव्हतं. थोरल्याच्या हाताला उंची कळत नव्हती बहुतेक. ती फक्त गुडघ्यांना कळायची.

"ऐक," तो वरून म्हणाला, 'र'ची गाठ मारता मारता. "गवंड्याला सांगून टाक, सोमवारी येऊ नको."

"मी कशाला? तुझ्या ओळखीचा आहे."

"माझ्या? मला वाटलं तुझ्या."

"बोलावला कुणी पण?"

दोघांनी आत्याकडे पाहिलं.

"मी फक्त निरोप पोचवले," आत्या म्हणाली. "मजकुराची जबाबदारी माझी नाही."

"मग निरोप पोचव, रद्द म्हणून," थोरला म्हणाला आणि त्याने कान्याची उभी रेघ एका दमात खाली ओढली.

मशीनच्या ताठ अक्षरांमध्ये एक हाताचं अक्षर बसलं. गर्दीच्या बसमध्ये शेवटी चढलेल्या माणसासारखं ते अंग चोरून उभं होतं, पण उभं होतं. बाकावरच्या कुणीतरी टाळी वाजवली आणि खिडकीतल्या बाईंनी त्याला गप्प केलं. नानांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी तर्जनी आणि अंगठा जवळ आणून सांगितलं की कान्याचा पाय केसभर लांब झालाय. थोरल्याने वरूनच पाहिलं, आणि नाना बरोबर होते.

चारला पाच कमी असताना मोठे डॉक्टर पाहुण्यांसह आले. त्यांनी मान वर केली नाही.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लांब टेबलांची एक रांग रिकामी होती. सहाही जण जाऊन बसले. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नीट गेलं नव्हतं. नानांना गार दूध आलं. आत्याने भिंतीवरची पदार्थांची यादी वाचायला सुरुवात केली, पहिल्याच ओळीत चूक सापडली, तिने तोंड उघडलं आणि आज पहिल्यांदा मिटून घेतलं. बायका शेजारी शेजारी बसल्या, उघडपणे. धाकटा हात धुऊन उशिरा आला आणि कुठे बसावं ते न कळून ताट न घेता उभा राहिला.

"जेवलास का?" थोरल्याने त्याला विचारलं.

"खाल्लं होतं सकाळी काहीतरी."

"ते खाणं झालं," थोरला म्हणाला. "मी जेवलास का विचारतोय."

धाकट्याने नाही अशी मान हलवली. थोरला बाकावर सरकला आणि कँटीनवाल्याला हाक मारून म्हणाला, "अजून एक ताट आणा. याला."